तुम्ही विचारलंत म्हणून: चॅटबॉटच्या उत्तरात तुमचं नाव

"चॅटबॉटला विचारलं की स्पर्धकांची नावं येतात, आमचं येत नाही. आणून द्याल का?" कंपन्यांना याबाबत सल्ला देणाऱ्या मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत पुढचं कळतं. सोबत एक स्क्रीनशॉट असतो, आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "किती दिवसांत?"

उत्तर "नाही" असं आहे. नाव आणून देणं माझ्या हातात नाही आणि इतर कुणाच्याही नाही. जो त्याची हमी देतो, त्याच्याकडे पैसे देण्याआधी ती हमी कशाच्या जोरावर देतोय ते लेखी मागा. पण "काहीच करता येत नाही" हेही खरं नाही. या दोहोंच्या मधलं जे आहे ते फोनवर सांगायला गेलं की टाळाटाळ वाटते, म्हणून एकदा नीट लिहिते आहे.

आधी तो स्क्रीनशॉट. ते एका वेळचं एक उत्तर आहे. तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारा, दुसऱ्याच्या खात्यावरून विचारा, उद्या पुन्हा विचारा, यादी बदलते. मॉडेल, म्हणजे चॅटबॉटच्या मागे शब्द जुळवणारं यंत्र, प्रत्येक वेळी शक्यतांमधून शब्द निवडत जातं. शोध घेऊन उत्तर देणारे चॅटबॉट तर तुमच्या एका प्रश्नाचे आतल्या आत अनेक प्रश्न करून शोधतात. त्यामुळे "आम्ही कितव्या नंबरवर आहोत" याला इथे अर्थ नाही. ग्राहक खरोखर जसं विचारतात तसे प्रश्न जमवायचे, ते वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि दर किती उत्तरांमागे एकदा नाव येतं, आलं तर त्याच्याबद्दल काय म्हटलं जातं, याची नोंद ठेवायची. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. ते कुणी विचारत नाही.

उत्तराचा मजकूर दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे मॉडेलने प्रशिक्षणात वाचलेलं. त्याला एक शेवटची तारीख असते आणि त्यात तुम्हाला किंवा मला बोट घालता येत नाही. नवं मॉडेल येईपर्यंत थांबावं लागतं. दुसरं म्हणजे त्या क्षणी शोधून वाचलेली काही मोजकी पानं. काम करता येतं ते इथे, आणि त्याची सुरुवात अगदी रुक्ष गोष्टींपासून होते. साइटवर कोणत्या क्रॉलरने, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या यंत्राने, यावं हे सांगणाऱ्या तुमच्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये तुम्हीच कुणाला दार लावून ठेवलंय का? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा प्रशिक्षणासाठीचा जीपीटीबॉट वेगळा आणि शोधासाठीचा ओएआय-सर्चबॉट वेगळा. २०२३ मध्ये अनेकांनी घाबरून किंवा रागाने सरसकट सगळे क्रॉलर बंद केले आणि विसरून गेले. साइट्सच्या पुढे राहून त्यांची रहदारी सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरने जुलै २०२५ पासून नव्याने जोडल्या जाणाऱ्या साइट्सवर एआय क्रॉलर मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. तुमची साइट कुणी तिथे हलवली असेल तर तेही तपासा. आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणारा कोड. साइट्स चालवण्याची सेवा देणाऱ्या व्हर्सेलने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत जीपीटीबॉट आणि अँथ्रॉपिकचा क्लॉडबॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत असं दिसलं. म्हणजे पान उघडल्यावर मागाहून भरणारा तुमचा देखणा तक्ता त्यांच्या लेखी रिकामा आहे.

एलएलएम्स डॉट टीएक्सटीबद्दलही विचारता. साइटवरची महत्त्वाची माहिती मॉडेल्सना साध्या मजकुरात मिळावी म्हणून एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली ही फाइल आहे. सुचवण्यामागचा हेतू चांगला होता, पण आपण ती वापरत नाही असं गूगलच्या लोकांनी स्पष्ट सांगितलंय. ठेवायची तर ठेवा, तिच्यासाठी वेगळं बिल भरू नका.

आता माझ्या जुन्या मताबद्दल, कारण तेच माझ्या तोंडावर फेकलं जातं. "हा एसइओच आहे, पाटी नवी" असं मी बराच काळ सांगत होते; एसइओ म्हणजे गूगलसारख्या शोधात पान वर आणण्याचं काम. त्यातलं अर्धं मी आजही सोडत नाही. शोधात न सापडणारं पान उत्तरातही सापडत नाही, वाचायला अवघड पान यंत्रालाही अवघड जातं, हे तसंच आहे. पण शोधात तुमचं पान जिंकत होतं. वाचक तुमच्या दारात यायचा आणि पुढचं तुम्ही बोलायचात. इथे वाचक येतच नाही. तुमच्याबद्दल दुसरंच कुणीतरी बोलतं, शांत आणि खात्रीच्या आवाजात, आणि ते बोलणं तुमच्या पानापेक्षा इतरांनी तुमच्याबद्दल कुठे कुठे लिहून ठेवलंय त्यावर जास्त बेतलेलं असतं. हा फरक मी तेव्हा किरकोळ मानला होता. आता मानत नाही.

"चाळीस टक्के वाढ" हा आकडाही तुम्ही ऐकलेला असतो. तो प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि इतर संस्थांच्या संशोधकांच्या निबंधातला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो आला आणि २०२४ च्या केडीडी या डेटा मायनिंगवरच्या परिषदेत सादर झाला. मजकुरात आकडेवारी, अवतरणं आणि स्रोतांचे दाखले घातले की उत्तरात त्या पानाला मिळणारी जागा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते असं त्यात दिसलं. कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, कोंबण्याचा फायदा झाला नाही. काम चांगलं आहे. पण विकणारे एक गोष्ट गाळतात: प्रयोगात घेतलेली पानं शोधाच्या पहिल्या पाचांतून आलेली होती. म्हणजे पंगतीत बसलेल्यांना जास्त वाढून कसं मिळेल याचं ते उत्तर आहे. तुमची अडचण बहुधा त्याच्या आधीची असते.

हे सगळं मी एका कामामुळे इतकं आग्रहाने सांगते.

दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि रुग्णांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर करणारी एक कंपनी होती. त्यांच्याकडे नाव न येण्याची तक्रार नव्हती. नाव येत होतं, आणि सोबत एक वाक्य येत होतं: इंटरनेट मध्येच बंद पडल्यास या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी हरवत असल्याच्या तक्रारी आहेत. माग काढला तेव्हा उगम सापडला, काही वर्षांपूर्वीची एक चर्चा. एका डॉक्टरांनी तपशिलात लिहिलं होतं: तारीख, वेळ, किती वाजता नेट गेलं, परत आलं तेव्हा दिवसभरातलं काय दिसेना. खाली आणखी दोघांनी "आमच्याकडेही" म्हटलं होतं. कंपनीचं एका ओळीचंही उत्तर नव्हतं.

मी हे बैठकीत दाखवलं. सपोर्टची जबाबदारी सांभाळणाऱ्या बाईंनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "त्या रात्री मी स्वतः त्यांच्याशी फोनवर होते. सगळ्या नोंदी परत मिळाल्या. ते डॉक्टर अजून आपल्याकडेच आहेत." ते खरं होतं. नोंदी परत मिळाल्या होत्या. त्यानंतर नेटशिवाय नोंद साठवायची सोय मुळापासून नव्याने बांधली होती आणि ती उत्तम चालत होती. पण हे सगळं फोनवर, ईमेलमध्ये आणि त्या बाईंच्या आठवणीत होतं. वाद चारचौघांत नको असं कंपनीचं धोरण. साइटवर काय होतं? "विश्वासार्ह, सुरक्षित, अत्याधुनिक." नव्या सोयीचा उल्लेख एका तक्त्यात होता, आणि तो तक्ता जावास्क्रिप्टने भरायचा. एका बाजूला तारखेसकट लिहिलेली तक्रार, दुसऱ्या बाजूला तीन विशेषणं. यंत्राने तक्रार उचलली यात मला यंत्राचा दोष दिसेना, आणि हे त्या बाईंसमोर म्हणणं मला फार जड गेलं. त्यांनी रात्र जागून केलेलं काम उत्तरात कुठेच नव्हतं.

कंपनीच्या संस्थापकांनी लगेच उपाय काढला. भरपूर चांगले अनुभव लिहून घेऊ, ठिकठिकाणी टाकू, खाली नावं आपणच बनवून देऊ. मी नाही म्हटलं. त्यावर ते जे बोलले ते मी विसरलेले नाही: "मॅडम, मी खोटं लिहायला सांगत नाहीये. सोय खरंच आहे, खरंच चालते. मजकूर सगळा खरा, फक्त नावं आपली नाहीत." हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. मी तेव्हा एवढंच म्हणाले की वाचणारा डॉक्टर मजकुरावर विश्वास टाकतो तो लिहिणाऱ्याचा काही स्वार्थ नाही असं समजून, आणि तेवढंच आपण खोटं करणार आहोत. रुग्णांच्या नोंदींचा मामला आहे, इथे तर नकोच.

मग आम्ही दुसरा रस्ता धरला. काय घडलं होतं, कुठे चूक होती, कोणत्या आवृत्तीत काय बदललं, हे तारखांसह साध्या मजकुरात एका पानावर लिहिलं. जुन्या चर्चेखाली कंपनीचं नाव उघड सांगून उत्तर दिलं. बाईंनी त्या डॉक्टरांना विचारलं की आज काय अनुभव आहे ते लिहाल का, आणि काय लिहायचं ते सांगितलं नाही. त्यांनी लिहिलं. सोय आता चांगली आहे असं लिहिलं, आणि सुरुवातीला सपोर्टकडून दाद मिळायला वेळ लागला होता असंही लिहिलं. हे दुसरं वाक्य काढून टाकायला सांगा म्हणून माझ्यावर दबाव आला. मी सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी शोधून दिलेली उत्तरं बदलली. पूर्वी अशी तक्रार होती, नंतर सोय नव्याने बांधली, तक्रार करणारे ग्राहक आता समाधानी असल्याचं सांगतात, अशा आशयाचं काहीतरी येऊ लागलं. मला आनंद झाला. संस्थापक म्हणाले, "तक्रारीचा उल्लेख अजून आहेच की." शोध बंद ठेवून विचारलं तर जुनंच वाक्य येत होतं, ते कधी जाईल हे मी सांगू शकत नव्हते. पुढच्या बैठकीत मला हमी मागितली गेली, मी दिली नाही, आणि ते काम ज्यांनी हमी दिली त्यांच्याकडे गेलं.

मी बरोबर वागले असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. त्यांच्या स्पर्धकाच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच दोष असू शकेल. फक्त त्याबद्दल कुणी लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याचं उत्तर निर्मळ. आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं आणि जुनी तक्रार पुन्हा ताजी झाली, ती सापडणं उलट सोपं झालं. घाईत असलेला डॉक्टर "तक्रार" हा शब्द वाचून पुढच्या नावाकडे वळतो, वाक्याचा उत्तरार्ध वाचत नाही. हे नुकसान त्या बाईंच्या कंपनीने सोसलं, मी नाही. मला त्यातून फक्त एक काम गमवावं लागलं.

याच्या बरोबर उलटा प्रश्न मला घरचे आणि मित्र विचारतात: "लोक निःपक्षपाती उत्तर समजून वाचतात आणि तू मागून मांडणी करतेस. ही फसवणूक नाही का?" आधी मी चिडायचे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, फक्त यंत्राला दिसतील अशा सूचना लपवणं, खोट्या खात्यांवरून शिफारशी पेरणं, ही फसवणूक आहे आणि ती मी करत नाही. ती चालत नाही असंही नाही. औनॉन कुमार आणि हिमाबिंदू लक्कराजू या हार्वर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की उत्पादनाच्या माहितीत ठरावीक अक्षरांची साखळी घातली तर मॉडेलच्या शिफारशीत ते उत्पादन वर सरकवता येतं. त्यांनी काल्पनिक कॉफी यंत्रं वापरून ते दाखवलं. चालतं म्हणून करायचं का, एवढाच प्रश्न उरतो, आणि माझ्यापुरता तो सुटलेला आहे.

पण मित्रांचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही, आणि हे मी आता कबूल करते. समाधानी ग्राहकाला "लिहा" म्हणणं मला चालतं. मग फक्त समाधानी ग्राहकांनाच म्हणणं चालतं का? मी शब्द देत नाही, पण कुणाला विचारायचं ते मीच ठरवते. तुलनेच्या लेखात पैसे देऊन जागा घेऊ नका असं मी सांगते, पण तुलना लिहिणाऱ्याला सविस्तर माहितीची फाइल पाठवा असंही मीच सांगते. आणि ज्यांना माझी फी परवडते त्यांचं खरं नीट लिहिलं जातं. ज्यांना परवडत नाही त्यांचं तितकंच खरं फोनवर आणि ईमेलमध्ये राहतं. उत्तर वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. यावर माझ्याकडे युक्तिवाद आहेत. पुरेसा एकही नाही.

तरीही तुम्हाला काम करायचं असेल तर स्क्रीनशॉट पाठवू नका. गेल्या वर्षभरात तुमच्या सपोर्टकडे आलेले प्रश्न पाठवा, आणि त्यांना तुमच्या माणसांनी दिलेली उत्तरं, जशीच्या तशी. त्यातलं किती तुमच्या साइटवर साध्या मजकुरात आहे ते मी आधी तपासेन, आणि ज्यांनी ती उत्तरं दिली त्यांच्याशी मला बोलू द्यावं लागेल.