चापडा, मी आणि दोन क्रेडिट पॉइंट

एप्रिल महिना, गोव्यातल्या सत्तरीत काजूचा सीझन भरात, ओपीडीतसुद्धा बोंडांचा वास. जोडीदार डॉक्टर रजेवर, म्हणून मी आदल्या दिवशी सकाळी आठपासून एकटाच, रात्री एक डिलिव्हरी आणि एक बाइक ॲक्सिडेंट, त्यामुळे झोप म्हणजे खुर्चीत मान टाकली तेवढीच. दहाच्या सुमारास बागेत बोंडं वेचणाऱ्या एका काकींना घेऊन आले, पाय घोट्यापर्यंत सुजलेला, सोबत नवरा. तो काहीतरी सांगत होता, बाहेर नव्वदेक पेशंटांची रांग, मी केसपेपरवर "अननोन बाइट" लिहिलं आणि कामाला लागलो.

काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घेतलं, 20 मिनिटं न हलवता ठेवलं, तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं. रक्त गोठत नाही म्हणजे घोणस किंवा फुरसं, असं मनात पक्कं. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल लावल्या. सहा तासांनी पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. आणखी 10 लावल्या, त्यात काकींना थंडी भरली, अंगभर पित्त उठलं, ॲड्रेनलिन द्यावं लागलं. संध्याकाळी लघवी कमी झाली, रंगही गडद. तेव्हा कुठे बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात सिनियरना फोन लावला.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साप कसला होता?"

नवऱ्याच्या मोबाइलवर फोटो होता, सकाळपासून होता! व्हॉट्सॲपवर पाठवला. "अरे, हा नाकाड्या चापडा. आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी, याच्यावर ते चालत नाही. थांबव आणि पाठव इकडे, किडनी सांभाळायला हवी."

ॲम्ब्युलन्स गेल्यावर घरी जाऊन कपाट उघडलं. दोन वर्षांपूर्वी पणजीच्या एका हॉटेलात सीएमई, म्हणजे डॉक्टरांची उजळणीची व्याख्यानं, झालं होतं, सर्पदंशावरच. रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत अशा 30 तासांचे पॉइंट लागतात, म्हणून रविवारी नाइट ड्यूटी संपवून तसाच गेलो होतो, रजिस्टरात सही केली, मागच्या रांगेत बसलो आणि थेट जेवणाच्या वेळी जागा झालो. दोन पॉइंट मिळाले. तिथे दिलेल्या फाइलच्या चौथ्या पानावर चापड्याचा फोटो होता, फाइल मी एकदाही उघडली नव्हती. आळशी म्हणा हवं तर, पण एमबीबीएसला असताना मी लायब्ररी बंद होईपर्यंत बसणाऱ्यांतला, आणि इथे तीन वर्षांत एक अख्खा रिसर्च पेपर वाचून झाला नव्हता. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर माणूस वाचत नाही हो, फक्त आडवा होतो.

पुढे तिसरा डॉक्टर मिळाला, रोस्टर माणसात आलं. आता बुधवारी ओपीडीनंतर सिस्टर, फार्मासिस्ट आणि आम्ही अर्धा तास एकेक केस उकरून काढतो, चहा माझ्याकडून. याचे पॉइंट मिळत नाहीत.

काकींना बांबोळीला तीन डायलिसिस लागले, पण सावरल्या. मे संपताना दोघं पिशवीभर भाजलेल्या काजूबिया घेऊन आले. मी जरा भाव खात म्हटलं, "काकी, तो चापडा होता बरं का."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "दोतोर, त्या दिवशी मी तेच तर सांगत होतो. तुम्ही लिहीत होता."