गेर्निकातली आई

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या जवानांच्या स्मारकापुढे उभा असताना मला चित्रकार पाब्लो पिकासोचे 'गेर्निका' हे चित्र आठवले. २६ एप्रिल १९३७ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, स्पेनच्या यादवी युद्धात पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या गेर्निका या गावावर बॉम्बवर्षाव केला आणि पिकासोने काही आठवड्यांतच काळ्या, पांढऱ्या व करड्या रंगांतले पावणेआठ मीटर रुंदीचे हे चित्र पूर्ण केले. त्यात विमान कुठेच नाही. आहे ती मेलेले लेकरू हातांवर घेऊन आभाळाकडे तोंड करून हंबरडा फोडणारी आई, आणि खाली पडलेल्या सैनिकाच्या मुठीतली मोडकी तलवार, जिच्याशेजारी एक लहानसे फूल उमलले आहे. मला ते फूल फार उशिरा दिसले. स्पेनमध्ये लोकशाही आल्याशिवाय चित्र तिथे जाऊ नये, असा पिकासोचा आग्रह होता. ते १९८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी माद्रिदला पोहोचले.