दादा, इथे होते ते कुठे ठेवले?

ठाणे, ईस्टरनंतरचा मंगळवार

तलावपाळीच्या फिरायला आलेल्या गर्दीतून वाट काढत सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये पोहोचले तेव्हा पहिलं वाचन सुरू झालं होतं. मागच्या बाकावर बसले, पंख्याखाली. शुभवर्तमान योहानाचं, अध्याय 20, ओव्या 11 ते 18. दरवर्षी याच मंगळवारी हेच येतं. यंदा पहिल्याच वाक्याला घसा दाटला. मरिया मग्दालिया येशूच्या रिकाम्या कबरेबाहेर रडत उभी होती.

त्याआधी येशूचे शिष्य, पेत्र आणि तो दुसरा, धावत आले, आत गेले, तागाची वस्त्रं पाहिली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला पाहिला आणि घरी गेले. पुरुषांची पाहणी आटोपली. ती थांबली. देवदूत विचारतात, का रडतेस? तर तिच्या उत्तरात चमत्काराचा विषयच नाही. माझ्या प्रभूला नेलंय, कुठे ठेवलंय ठाऊक नाही. तिला पत्ता हवा होता.

फेब्रुवारीत मलाही हवा होता. डॅडींच्या कबरेवर फुलं घेऊन गेले, तर क्रूसावर भलत्याच बाईचं नाव. माती ओली, झेंडू ताजे. आपल्याकडे जागा अपुरी. कायमची कबर घेतलेली नसेल तर काही वर्षांनी उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. नियम माहीत होता. पत्र जुन्या पत्त्यावर धाडलं होतं म्हणे. झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला मी विचारलं, "दादा, इथे होते ते कुठे ठेवले?" त्याने ऑफिसकडे बोट दाखवलं. मरियेने येशूला माळी समजून असंच विचारलं होतं. हा मात्र खरंच माळी होता.

फादर प्रवचनात म्हणाले, डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिने येशूला ओळखलं नाही. असेल. मला तिचं पुढचं बोलणं जास्त खरं वाटतं: तू नेलं असशील तर सांग, मी त्याला घेऊन जाईन. एकटी बाई! आदल्या अध्यायात दफनासाठी निकदेमाने आणलेला गंधरस-अगरूच शंभर लिट्रा, म्हणजे आपले साधारण 33 किलो. वर पुरुषाचा देह. कशी नेणार होती, आणि कुठे? मीही त्या ऑफिसात पिशवी पुढे केली असती, कुणी काही दिलं असतं तर.

(आणि हिलाच 591 साली पोप ग्रेगरींनी प्रवचनात पापिणी ठरवलं. शुभवर्तमानात तसं कुठेही नाही. तिच्या स्मृतिदिनाला, 22 जुलैला, सणाचा दर्जा मिळाला तो 2016 मध्ये. चौदाशे वर्षं!)

येशूने "बाई" म्हटल्यावर तिला ओळख पटत नाही, "मरिये" म्हटल्यावर पटते. डॅडी मला बायो म्हणायचे, दाखल्यावरचं नाव फक्त रागावले की. तिला हाक आली. मला कारकुनाने कोनाड्याचा नंबर लिहून दिला. इथे माझं आणि मरियेचं फाटतं. आणि हाक ऐकून ती वळली तर येशू काय म्हणतो, "मला धरून राहू नकोस". मूळ ग्रीक शब्दांत नुसत्या शिवण्यापेक्षा बिलगून राहण्याचा अर्थ जास्त आहे, असं सांगतात. तरी आज ते कडूच लागलं. एवढं शोधल्यावर दोन मिनिटं तरी द्यायची.

मिस्सानंतर तलावाकाठी चहा घेतला. पर्समधली चिठ्ठी दोन महिन्यांत पहिल्यांदा उघडली. शेवटचा आकडा 4 की 9, घामाने पुसट झालाय. शनिवारी जाऊन पुन्हा विचारावं लागेल.