वाडीवरच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायचंय?

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पेपर दोनमध्ये १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे. ते मिळवून, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून उमेदवार सांगली जिल्ह्यातल्या जतच्या वाडीवस्तीवर रुजू होतो आणि खरी परीक्षा तिथं सुरू होते. तिकडे बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. निदान अंक आणि 'कमी-जास्त' एवढे शब्द आधी शिकून जा.

दशांशाचंच घ्या. ०.४५ मोठा की ०.५? मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे! नियम घोकून हे जात नाही. एक मीटर दोरी ताणून धरा, ४५ आणि ५० सेंटिमीटरवर खडूने खुणा करा. गाठी मारू नका, दोरी आखडते आणि माप चुकतं. मुलाखतीसह निवड करणाऱ्या संस्थांनी उमेदवाराला नेमका हाच पाठ घ्यायला लावावा, असं मला मनापासून वाटतं.

विज्ञानात हळदीचा कागद सगळेच करतात. साबणाच्या पाण्यानं तो लाल होतो, पण लिंबानं पिवळाच राहतो. मग आम्ल ओळखायचं कसं? सोबत जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क ठेवा. लिंबानं तो गडद गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीत हिरवा. अर्क रोज ताजा करा, शिळा रंग फसवतो.