पत्र्याची खोली, भाग ३: गनपेक्षा पिनांनीच जास्त दमवलं

मागच्या वेळी रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, मारून झाल्या होत्या इथपर्यंत सांगितलेलं. गच्चीवरची १० बाय १२ ची खोली, वर नुसता पत्रा आणि सांगलीचा एप्रिल, म्हणजे दुपारी आत डोकं घातलं तरी पापड भाजून निघेल. पत्र्याखालच्या अँगलला लाकडी रिपा, रिपांना खालनं बबल फॉइल (हवेचे फुगे असलेलं, ऊन परतवणारं चकाकतं ॲल्युमिनियमचं शीट), आणि पत्रा नि फॉइल यात इंचभर हवा. ही हवा सोडायचीच मंडळी, फॉइल पत्र्याला टेकलं की चकाकीचा उपयोग संपला, उष्णता सरळ खाली उतरते.

तर गन, म्हणजे फॉइल रिपांना ठोकायची स्टेपल गन. गणपती पेठेतनं हाताची थ्री-इन-वन (तीन प्रकारच्या पिना मारणारी) आणली, वाटलं दोन तासांचं काम. पहिल्या पाच पिनांतच जाम. खोलून बघतो तर गनवर लिहिलंय ५३ नंबरची पिन आणि दुकानातल्या पोरानं दिल्यात १३ नंबर. ५३ ची रुंदी ११.४ मिमी, १३ ची १०.६, एक मिलिमीटरचासुद्धा फरक नाही पण पिन मॅगझिनमधे, म्हणजे गनच्या पिना भरायच्या खाचेत, तिरकी होते आणि पुढची तिच्यावर चढते. पक्कडीनं उपटून काढताना अंगठा सोलला तो वेगळाच.

पिना बदलल्या तरी अर्ध्या आत जाईनात. चूक माझीच, रिपा फुकटात मिळाल्या म्हणून जुन्या वाड्याच्या सागवानी घेतलेल्या, वाळून दगड झालेल्या, आणि मी घेतलेल्या पिनांचे पाय १० मिमी. फूल स्प्रिंग केली तरी ३ मिमी बाहेर, किंवा पाय वाकून गोगलगाय. मिरजेतल्या सोफावाल्या मामांना दाखवल्या तर म्हणाले, "अरे बाबा, लाकूड कडक तर पाय आखूड घे, लांब पाय पाईनला." ८ मिमी आणल्या आणि काम सुरळीत झालं, एवढंच होतं.

मामांनी हवेची गनपण दिली एक दिवस वापरायला, त्यात ८० सिरीजची पिन बसते. मजा आली खरं सांगतो, शिलाई मशीनसारखी टकाटक चालते. पण पहिल्या झटक्यात पिनेनं फॉइल कापूनच टाकलं, मग प्रेशर कमी करत करत आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघितलं, पिनेची पाठ फॉइलवर नुसती टेकली पाहिजे, रुतायला नको. शिवाय कंप्रेसर दोन जिने वर चढवणं आणि पाईप शिडीत अडकणं, आणि दुपारी झोपलेल्या आईच्या शिव्या. एका खोलीसाठी विकत घ्यायची गोष्ट नाही.

शेवटी हाताचीच ठेवली. वरच्या दिशेनं काम असल्यामुळं गन जड नको, हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही, तिथं टेबलावर मारून बघतो आपण. गनचं नाक रिपेला घट्ट टेकवून दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तिचं डोकं दाबायचं मग हँडल, नाहीतर गन उडते आणि पिन वरच राहते. १०-१२ सेंमीला एक पिन, जोडावर दोन इंच ओव्हरलॅप आणि वरनं ॲल्युमिनियम टेप. तरी शंभरेक पिनांनंतर मूठ वळत नाही, चहा लागतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. फॉइल म्हणजे ॲल्युमिनियम, करंट वाहतो. ऑस्ट्रेलियात २००९-१० मधे सरकारी इन्सुलेशन योजनेत फॉइल लावताना धातूची पिन चालू वायरीत घुसून पोरं दगावली होती, नंतर तिथं फॉइलला धातूच्या पिना मारायला बंदी आली. मी मेन बंद करूनच चढतो.

दोन तृतीयांश झालंय. फॉइलखाली आणि उघड्या पत्र्याखाली आळीपाळीनं उभं राहिलं की टाळूलाच फरक कळतो. उरलेल्या बाजूनं पंख्याची जुनी वायर गेलीय, आधी ती केसिंगमधे घेऊन खाली उतरवतो आणि मगच गन हातात धरतो.