तुरुंगातल्या मित्रासाठी पुस्तकं निवडताना

माझा एक जवळचा मित्र तुरुंगात आहे. खटला अजून चालू आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो न्यायाधीन बंदी आणि आतल्या भाषेत कच्चा कैदी. प्रकरणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते कोर्टात चाललं आहे, तिथेच चालू दे. मला लिहायचंय ते पुस्तकांबद्दल. ज्यांचं माणूस आत आहे अशा घरांना हा प्रश्न हमखास पडतो: त्याला धीर येईल असं काय वाचायला द्यावं, आणि ते त्याच्या हातात पोचवावं कसं? मी शोधायला लागलो तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. वडिलांच्या गळ्यात माळ होती, संध्याकाळी घरात हरिपाठ व्हायचा. तो स्वतः मात्र नोकरी, कर्ज, मुलांच्या शाळा यांत इतका गुरफटलेला, की देवळात जायचा तो एकादशीला, तेही आईला सोडायला. आत गेल्यावर त्याचं जे पहिलं मोठं पत्र आलं, त्यात घरच्यांची चौकशी झाल्यावर त्याने लिहिलं होतं, ‘रोज रात्री “मन करा रे प्रसन्न” म्हणतो. “मन माउली सकळांची” इथवर येतो आणि एकदम “साधक वाचक पंडित”वर उडी पडते. मधलं कडवं काही केल्या आठवत नाही. तेवढं लिहून पाठव.’ मधल्या कडव्यासाठी त्याने कागदावर दोन ओळींची जागा कोरी सोडली होती, आणि त्या कोऱ्या जागेच्या कडेवरच तुरुंगाचा शिक्का उमटला होता.

मी त्याच दिवशी उत्तरात लिहिलं: मन गुरु आणि शिष्य । करी आपुलेंचि दास्य । प्रसन्न आपआपणास । गति अथवा अधोगति ॥

त्या पत्राने मला पुस्तकं कशी निवडायची ते कळलं. त्याच्यात जे अर्धंमुर्धं आधीच होतं, ते त्याला पुरं करून हवं होतं. नवा उपदेश नको होता.

बाहेरून सल्ले मात्र उपदेशाचेच आले. नात्यातल्या एका ज्येष्ठांनी पूर्वजन्मीच्या कर्मांची फळं सांगणारं पुस्तक सुचवलं. एकाने ‘अमुक इतकी पारायणं करा, बेडी तुटेल’ असं छापलेली पुस्तिका आणून दिली. या दोन्हींना मी ठाम नकार दिला. पहिलं पुस्तक आत बसलेल्या माणसाला पुन्हा एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. दुसरं त्याहून वाईट. तारखेवर तारीख पडत जाते, जामीन नाकारला जातो, आणि मग माणूस म्हणतो, माझंच पारायण कुठेतरी चुकलं. श्रद्धेने आधार द्यावा. जामिनाचा हिशेब तिच्या गळ्यात बांधू नये.

वहिनींचं मन गुरुचरित्रावर होतं. ‘भावजी, चौदावा अध्याय तरी पाठवा. सायंदेवाला गुरूंनी अभय दिलं, तसं यांनाही मिळेल.’ त्यांची श्रद्धा खरी आहे आणि त्या स्वतः तो अध्याय रोज वाचतात. पण गुरुचरित्राच्या वाचनाला सोवळं, आसन, जेवणाखाण्याचे नियम आले. बराकीत शंभरेक माणसांची दाटी, अंघोळीला रांग, दिवा आपल्या हातात नाही. नियम पाळता आले नाहीत म्हणून तो मनातल्या मनात कुढत बसला असता. मी वहिनींना एवढंच म्हटलं, की तो अध्याय तुम्ही घरी त्याच्या नावाने वाचा, त्याला आपण जे पडल्या पडल्या, उभ्या उभ्या म्हणता येईल ते पाठवू. त्यांना ते पटलं.

मनाच्या श्लोकांपाशी मी बरेच दिवस अडलो. २०५ श्लोक, खिशात मावणारं पुस्तक, शाळेपासून पाठ. निवड सोपी वाटावी. पण अकरावा श्लोक बघा. ‘जगीं सर्वसूखी असा कोण आहे’ हा पहिला अर्धा भाग आतल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवतो, आणि लगेच पुढे ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें, तयासारिखें भोगणें प्राप्त झालें’. समर्थ हे स्वतःच्या मनाला सांगतात, दुसऱ्यावर बोट रोखून नाही, हे मला कळतं. तरी ज्याला रात्री झोप नाही त्याला ती ओळ कशी लागेल? शेवटी आमच्या गावाकडच्या एका कीर्तनकार बुवांना विचारलं. ते म्हणाले, ‘पहिल्या खेपेला रडू देणारं पाठवा. सावरल्यावर तो मनाला दटावायला स्वतःच तयार होईल.’ मनाचे श्लोक मी दुसऱ्या खेपेसाठी ठेवले.

रडू देणारं म्हणजे काय, ते संतांनी भरपूर लिहून ठेवलंय. आपण अभंग टाळ-मृदंगाच्या गजरात ऐकतो, त्यामुळे त्यांतली तक्रार कानाआड होते. ‘कन्या सासुर्‍यासी जाये, मागें परतोनी पाहे’ म्हणणारे तुकोबा, ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ म्हणणारे तुकोबा, बादशहाचं बोलावणं आल्यावर ‘नको देवराया अंत आता पाहू’ म्हणत विठ्ठलाच्या पायांशी धाव घेणारी कान्होपात्रा. आणि चोखोबा. ‘ऊंस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’ ही ओळ ज्याच्यावर शिक्का बसलाय त्याने म्हणून पाहावी. देवाशी भांडायची मुभा देणारं असं वाङ्मय आपल्या भाषेत आहे, हे आपलं मोठं भाग्य आहे. म्हणून पहिल्या यादीत निवडक अभंगांचं पुस्तक, सार्थ हरिपाठ आणि विनोबांची ‘गीताई’ घातली.

गीतेच्या बाबतीत माझ्यापुढे तीन पुस्तकं होती आणि त्यांतली दोन तुरुंगात जन्मलेली. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं. ग्रंथ थोरच, पण त्याला लागणारी बैठक आत मिळणं कठीण, म्हणून तो बाजूला ठेवला. विनोबांची ‘गीता प्रवचने’ मात्र अगदी नेमकी वाटली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे दर रविवारी एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. समोर बसलेले कैदीच होते, म्हणून भाषा घरगुती, उदाहरणं शेतातली-स्वयंपाकघरातली, आणि आठवड्याला एक अध्याय ही चाल तर आत सहज पाळता येते. (ते सत्याग्रही होते, हा माझा मित्र वेगळ्या कारणाने आत आहे, ती बरोबरी मी करत नाही. पण भिंतीआड बसून ऐकायचं गीतेचं बोलणं म्हणून याला तोड नाही.) चौथं पुस्तक ठरलं.

आता ती आत पोचवणं. पहिलं पार्सल मी टपालाने पाठवलं, ते ‘परवानगी नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. मुलाखतीच्या, म्हणजे कैद्याला भेटायच्या, खिडकीवर विचारलं तर एक जण म्हणाला चालतं, दुसरा म्हणाला चालत नाही. मग वकिलांनी सांगितलं, कच्च्या कैद्यासाठी कोर्टात अर्ज करणं सगळ्यात सरळ. अर्जात त्यांनी पुस्तकांची यादीच जोडली: नाव, लेखक, प्रकाशक, पानं. नेल्सन मंडेला नियमांतल्या ६६व्या नियमाचाही उल्लेख केला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या या नियमांत म्हटलंय, की शक्य असेल तिथवर कैद्याला आपल्या धर्माची पुस्तकं जवळ बाळगता यावीत. कोर्टाने तुरुंगाच्या नियमांना धरून पुस्तकं द्यायला परवानगी दिली. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन अधीक्षकांच्या नावे वेगळा अर्ज दिला, पोच घेतली. पोच घ्याच. पुढच्या प्रत्येक खेपेला तो शिक्का मारलेला कागद दाखवला की बोलणं वाढत नाही.

प्रत्येक तुरुंगाची पद्धत थोडी निराळी असते, म्हणून आधी तिथे विचारावं. आमच्याकडे अटी अशा होत्या: पुठ्ठ्याची बांधणी नको, पिना नकोत, खुणेची फीत नको, आत काही लिहिलेलं नको. पानांत चिठ्ठी, अंगारा, फुलाची पाकळी काही चालणार नाही. वहिनींनी हरिपाठात तुळशीचं पान ठेवलं होतं, ते मी गेटच्या अलीकडेच काढून खिशात घातलं.

धार्मिक पुस्तकांची अडचण अशी, की जाड ग्रंथ भक्कम पुठ्ठ्यात असतात आणि छोट्या पुस्तिकांना मधोमध पिना असतात. ही अडचण सोडवली आमच्या बाजारपेठेतल्या एका बाइंडरने. हरिपाठाच्या पिना त्याने चिमट्याने उपटल्या, त्याच भोकांतून दाभणाने दोरा ओवून तीन टाके घातले, आतल्या बाजूला गाठ मारली. गीता प्रवचनांचा पुठ्ठा पात्याने सोडवून कण्याला खळ लावली आणि वर जाड कागद चढवला. कुणासाठी आहे हे सांगितल्यावर पैसे घेईना. मी बळेच दिले. त्याने शेवटी पान उलटून बघितलं आणि म्हणाला, ‘टाइप बारीक आहे हो, आत उजेड असतो का?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता, पण लाखमोलाचा होता. तेव्हापासून मी पुस्तक घेताना आधी अक्षर बघतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला मोठ्या टायपातलं साधं पुस्तक बारीक टायपातल्या उत्तम पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गेटवरच्या शिपायाने प्रत्येक पुस्तक कण्यापासून वाकवून बघितलं, पानं अंगठ्याखालून सोडली, नवीन बांधणीवर नख फिरवलं. हरिपाठ हातात आल्यावर थोडा थांबला आणि ‘माउलींचा का?’ म्हणून बाकीच्यांच्या वर ठेवला.

पुढच्या मुलाखतीत काचेपलीकडून फोनवर तो जे बोलला ते बहुतेक हरिपाठाबद्दलच. बराकीला संध्याकाळी कुलूप लागलं की चार-पाच जण त्याच्याभोवती बसायला लागले होते. ‘अरे, “देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी” मी म्हणतो आणि मागून ओढणारे तयार झालेत. एकाला वाचता येत नाही, त्याचं सगळ्यात लवकर पाठ झालं.’ मला वाटतं निवडीचं खरं माप इथे आहे. आतला माणूस पुस्तक एकटा वाचत नाही. जे मोठ्याने म्हणता येतं, पाठ होतं, दिवा गेल्यावरही सोबत राहतं, ते आधी पाठवावं. गीताईही तशीच चालली. ‘पडता रडता घेई उचलूनि कडेवरी’ ही तिची ओळ त्याने पत्राच्या डोक्यावर लिहिली होती, जिथे आपण श्री लिहितो तिथे.

मग दुसऱ्यांच्या मागण्या त्याच्या पत्रातून येऊ लागल्या. विदर्भातल्या एका तरुणाला बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मराठीत हवा होता. एका ख्रिस्ती गृहस्थाला मराठी नवा करार. परक्या श्रद्धेचं पुस्तक मी माझ्या अंदाजाने निवडणं बरं नव्हे, म्हणून त्या त्या माणसांनाच विचारलं. ऑफिसमधला एक सहकारी दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून त्याने तो ग्रंथ आणला, सोबत धम्मपद स्वतःहून घेतलं आणि म्हणाला, ‘दरोडेखोराचा भिक्खू झालेल्या अंगुलिमालाची गोष्ट त्याला वाचायला सांग. माणसं दगड मारतात तरी तो परत फिरत नाही.’ ओळखीच्या पास्टरांनी नवा करार दिला तो स्तोत्रसंहिता जोडलेला, आणि फिलिप्पैकरांस पत्र आधी वाचावं असा निरोप दिला. पौलाने ते बंदिवासातून लिहिलं आहे, आणि आनंदाचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो. या पुस्तकांसाठी त्या दोघांच्या वकिलांमार्फत वेगळे अर्ज करावे लागले. एकाच्या नावावर दुसऱ्याचं पुस्तक जात नाही.

मनाचे श्लोक बुवा म्हणाले तसे दुसऱ्या खेपेला गेले. अकराव्या श्लोकाबद्दल मी काही विचारलं नाही, त्यानेही काही लिहिलं नाही.

आता त्याने तुकोबांची सबंध गाथा मागितली आहे. साडेचार हजारांहून जास्त अभंग, अख्खा ग्रंथ एकसंध आत जाणार नाही. बाइंडरकडे तीन भाग करायला टाकली आहे, प्रत्येक भागाची पानं मोजून यादी वकिलांकडे दिली आहे. या महिन्यातल्या तारखेला अर्ज लागला, तर आषाढीच्या आधी पहिला भाग त्याच्या हातात पडेल.