अण्णांसोबत मकबरा आणि वेरूळ : एका गवंड्याच्या नजरेतून

अण्णा म्हणजे माझे वडील. सेलू आणि आसपासच्या खेड्यांत चाळीसेक वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं, आणि त्यांचा खरा हात गिलाव्यात. बांधकाम कोणीही करो, गिलाव्याला अण्णांनाच बोलवा असं लोक म्हणायचे. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून मागच्या वर्षापासून थापी घरात टांगलेली आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, फोनमध्ये जगभरच्या बिल्डिंगांचे फोटो साठवायची मला सवय आहे, आणि रात्री जेवण झालं की अण्णांना ते दाखवत बसते. तसंच एकदा ताजमहाल दाखवता दाखवता कळलं की अण्णांनी आपला संभाजीनगरचा बीबी का मकबरासुद्धा बघितलेला नाही. वेरूळला गेले होते पण घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत, लेण्या बघायला सोबतच्या लोकांना टाईम नव्हता. सेलूहून संभाजीनगर किती लांब आहे, सकाळी गाडीत बसलं की दुपारच्या आत पोचतो माणूस. मग मी ठरवलंच, दोन दिवस सुट्टी टाकली, मंगळवारी वेरूळ बंद असतं म्हणून बुधवार गुरुवार धरला आणि निघालो.

पहिल्या दिवशी मकबरा. गेटवर शाळेची सहल आलेली, त्यांचे सर पोरांना सांगत होते की हा गरिबांचा ताज, पैसे कमी पडले म्हणून असा झाला. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. अण्णांनी ऐकलं आणि काही बोलले नाहीत. कारंज्याच्या हौदांच्या कडेनं हळूहळू चालत आम्ही वर चबुतऱ्यावर गेलो, आणि अण्णा थेट भिंतीपाशी. तळहात ठेवला. मग वाकून भिंतीला गाल लावला आणि एक डोळा मिटून लांबवर बघत राहिले, भिंतीला पोट आलंय का ते गवंडी असंच बघतात. येणारेजाणारे वळून बघत होते.

"खाली संगमरवर हाय, कळलं. पन वर हे काय हाय?"

मी सांगितलं की संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि थेट वर घुमटाला, मधला सगळा भाग आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा.

"गिलावा?" दोनदा विचारलं त्यांनी. "एवढं सगळं?"

मग पुढचा तास दीड तास आम्ही त्या एका इमारतीभोवती फिरलो. वेलबुट्टी, जाळ्यांच्या कडा, कमानींच्या आतली नक्षी, सगळं चुन्यात काढलेलं आणि घोटून घोटून संगमरवराच्या तोडीला आणलेलं. काही ठिकाणी पापुद्रे गेलेत, काळपट डाग पडलेत, पण जिथं शाबूत आहे तिथं अण्णांना बोट फिरवावंसं वाटत होतं, मीच नको म्हणाले. ते म्हणाले, "संगमरवर कुनीबी आनील बाई, खान सापडली की झालं. हे घोटायला किती मान्सं एका टायमाला बसली आसतील? एका दमात न्यावं लागतंय, मधी सुकलं का जोड दिसतोच. दाखव मला जोड कुटं दिसतोय." मला नाही दाखवता आला. त्यांच्या उस्तादाच्या लहानपणी चुना बैलाच्या घाणीत मळायचे, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, उडदाचं पाणी घालायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. इतक्या वर्षांत घरी कधी हा विषय निघालाच नव्हता. अण्णांनी स्वतः फक्त सिमेंटच वापरलं, चुन्याचं काम करायचं राहून गेलं याची हळहळ त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली.

आता मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. ही कबर दिलरास बानूची, औरंगजेबाच्या बायकोची, ती 1657 मध्ये गेली. मकबरा 1660 च्या आसपासचा. बांधणारा अताउल्ला, आणि हा अताउल्ला कोण तर ताजमहाल ज्याच्या नावावर आहे त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे बापानं आग्र्यात केलं आणि पोरानं आपल्याकडे. लाहोरीचं नावसुद्धा आपल्याला मुख्यतः त्याच्या दुसऱ्या मुलामुळे माहीत आहे, लुत्फुल्ला, त्यानं एका कवितेत लिहून ठेवलंय की ताज आणि दिल्लीचा लाल किल्ला माझ्या बापानं बांधला. मकबऱ्याचा खर्च जुन्या नोंदीत 6,68,203 रुपये 7 आणे असा आहे, सात आणे सुद्धा लिहिलेत. ताजचा खर्च तीन कोटींच्या वर सांगतात. आणि दगड आणायचा म्हणजे काय काम होतं, तर ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी त्या काळात सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघाला होता, त्याला वाटेत संगमरवराच्या तीनेकशे गाड्या दिसल्या, लहानात लहान गाडीला सुद्धा बारा बैल. अण्णांनी लगेच हिशोब केला, छत्तीसशे बैल. "वैरन कुटली आनली आसंल एवढ्याला," म्हणाले.

माझं मत विचाराल तर मकबऱ्याची प्रमाणं ताजइतकी जमलेली नाहीत हे मला पटतं. बागेतून बघितलं की चार मिनार मधल्या इमारतीच्या अंगावर आल्यासारखे वाटतात, घुमटाला मोकळा श्वास घ्यायला जागा नाही, आणि पश्चिमेला निजामाच्या काळात मशीद उभी केली त्यानं दोन्ही बाजूंचा तोलही बिघडलाय. पण हे नकाशाचं झालं. जवळ जाऊन भिंत बघा. दख्खनच्या काळ्या दगडावर इतका मोठा पांढरा गिलावा इतक्या नाजूक हातानं केलेला मी तरी दुसरीकडे बघितलेला नाही आणि त्याला गरिबाचा ताज म्हणून उरकून टाकणं मला आता ऐकवत नाही.

निघताना मोठ्या दरवाजापाशी थांबलो. दाराला पितळी पत्रा आहे, त्यावर फारसीत दोन नावं आहेत, अताउल्ला आणि हंसपत राय. एक स्थपती, एक इंजिनिअर. अण्णांना फारसी येत नाही, मलाही नाही, पण नावं आहेत म्हटल्यावर ते टोपी काढून उभे राहिले. मग विचारलं, "आन गिलाव्यावाल्याचं?" त्याचं नाही.

संध्याकाळी पाणचक्की बघितली, डोंगरातून मातीच्या नळांतनं पाणी आणलंय म्हटल्यावर अण्णांना फक्त त्या नळांच्या जोडांत काय भरलं असेल हे हवं होतं. भडकल गेटवर जरा जास्त रमले, कमानीखाली उभं राहून चावीच्या दगडाकडे, म्हणजे कमानीच्या टोकाशी मधोमध बसवलेल्या दगडाकडे, मान दुखेस्तोवर बघितलं. हे गेट मलिक अंबरनं 1612 मध्ये बांधलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, ह्या शहराला पाणी आणलं, आणि खुलताबादला त्याची कबर आहे. मलिक अंबरचं नाव इथं मुद्दाम घेतेय, दुसऱ्या दिवशी तो परत आठवला.

गुरुवारी सकाळी वेरूळची एसटी. दौलताबादचा चाँद मिनार खिडकीतूनच दाखवला, पंधराव्या शतकातला, साठ मीटरच्या वर उंच आहे. गुडघ्यांना किल्ला झेपला नसता.

सोळा नंबरच्या लेणीत, म्हणजे कैलास मंदिरात, लोक सरळ आत घुसतात. तसं करू नका. बाजूनं डोंगरावर जायची वाट आहे, थोडी चढण आहे, अण्णांचा हात धरून दोनदा बसत बसत आम्ही गेलो पण वरून कैलास बघितल्याशिवाय त्याचं काम कळत नाही. वरच्या कड्यावरून खाली बघितलं की डोंगरात पाडलेला एक प्रचंड खड्डा, जवळपास 276 फूट लांब, 154 फूट रुंद, मागच्या बाजूला 107 फूट खोल, आणि त्याच्या मधोमध देऊळ उभं. मंडपाच्या छतावर दगडात कोरलेलं मोठं कमळ आणि त्यावर चार सिंह, ते वरूनच दिसतात, खालच्या माणसाला कळतही नाही तिथं सिंह आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे झालं. दीड दोन लाख टन दगड फोडून बाहेर काढला असा अंदाज सांगतात.

अण्णा खूप वेळ गप्प. मग म्हणाले, "पायाड लागलाच नसंल."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. आपण खालून वर बांधत जातो म्हणून पायाड बांधावा लागतो, बल्ल्या, फळ्या, दोऱ्या. इथं कळसापासून सुरुवात, मिस्त्री ज्या दगडावर उभा आहे तोच दगड त्याचा पायाड, कळस झाला की खाली सरकायचं, शिखर झालं की खाली सरकायचं. कॉलेजात कैलास एका वाक्यात शिकवला होता, एकाच दगडातलं मंदिर. पायाडाचं कोणी बोललं नव्हतं. आणि मग अण्णांनी दुसरी बाजू सांगितली, की वीट चुकली तर काढून दुसरी बसवता येते, गिलावा चुकला तर खरवडता येतो, इथं छिन्नी जास्त गेली तर गेली. वर कळस कोरतानाच खाली हत्ती कुठं येणार, जिना कुठं येणार, ओळंबा कुठं पडणार हे डोक्यात पक्कं पाहिजे.

हे करणाऱ्याचं नाव मात्र कुठं कोरलेलं नाही. एक जुनी मराठी गोष्ट आहे, राणीनं नवस केला की देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, सगळे कारागीर हरले, आणि पैठणचा कोकास म्हणाला आठवड्यात शिखर दाखवतो, वरूनच कोरायला लागतो. गोष्टच आहे ती, पण आमच्या गोदेकाठच्या पैठणचा कारागीर त्यात आहे म्हणून मला प्रिय आहे. आणि 812 सालच्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन येतं, त्यात म्हटलंय की ज्यानं हे घडवलं तोच शेवटी चकित झाला, अरे हे मी केलं तरी कसं! कैलासच्या थोडंच आधी कर्नाटकात पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ झालं, कैलासची मांडणी बरीचशी त्याच्यासारखी आहे, आणि तिथं शिलालेखात सूत्रधाराचं, म्हणजे मुख्य मिस्त्रीचं नाव आहे, गुंड, त्याला मिळालेल्या पदव्यांसकट. इकडे ताम्रपटात कारागिराचं आश्चर्य लिहिलं आणि नाव राहिलं.

वरच बसून फोनमध्ये अण्णांना लालिबेला दाखवलं. इथिओपियातलं गाव, तिथं अकरा चर्च आहेत, आणि तीसुद्धा जमिनीत वरून खाली खोदलेली, सेंट जॉर्जचं चर्च तर वरून बघितलं तर नुसता एक मोठा क्रूस दिसतो. बहुतेक बाराव्या तेराव्या शतकातली. कालच्या भडकल गेटवाल्या मलिक अंबरचा मुलूख तो, म्हटल्यावर अण्णांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला. "त्याह्यलाबी पायाड लागला नसंल मग."

खाली उतरून आत गेलो. हत्तींची रांग, दक्षिणेकडं कैलास हलवणारा रावण, हे सगळे बघतातच. आम्ही मंडपाच्या दारातल्या छताखाली थांबलो कारण अण्णांना वर रंग दिसला. रंग म्हणजे त्याखाली गिलावा आलाच. एकेकाळी अख्खं देऊळ गिलावा करून रंगवलेलं होतं, लोक त्याला रंगमहाल म्हणायचे, आता थोडे तुकडे उरलेत. वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे नमुने तपासले तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडलेत, त्यानं किडे लागत नाहीत आणि ओल धरत नाही. अण्णांना यात नवल वाटलं नाही. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांना आमच्याकडे मातीत भुसा आणि शेण कालवतातच, "मातीला धरायला कायतरी केस लागतोच," एवढंच म्हणाले. पण छताखालून हलले नाहीत. उलटा गिलावा, म्हणजे छताचा, सगळ्यात अवघड, माल तोंडावर पडतो, आणि हा हजारावर वर्षं वर चिकटून आहे.

बाहेर ओट्यावर डबा खाताना त्यांनी अचानक किल्लारीचा विषय काढला. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, तेव्हा मी नव्हते, पण नंतर अण्णा दोन वर्षं तिकडं नव्या गावांच्या कामावर होते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती, वर माळवदाचं टनावारी ओझं, पहाटे माणसं झोपेत, भिंती फुटल्या आणि माळवद खाली आलं. अण्णा कैलासच्या खांबाकडे बघत म्हणाले, "ह्याला जोडच न्हाई, सुटंल काय." मग पुढे काही बोलले नाहीत, आम्ही दशम्या संपवल्या.

परतीच्या गाडीत जालन्यापर्यंत झोपले. परतूरच्या आसपास उठून विचारलं की दारावर नावं लिहिली ती मालकानं लिहायला लावली का मिस्त्रीनं स्वतः. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून कोरी वही मागून घेतली. अण्णांना लिहायला जड जातं, म्हणून ते सांगतात आणि मी लिहिते, कुठल्या गावात कोणाचं घर, किती खणांचं, गिलावा आतला का बाहेरचा, सोबत हाताखाली कोण होतं. पहिल्या पानावर त्यांच्या उस्तादाचं नाव लिहायला लावलं. आत्तापर्यंत 47 कामं झालीत, वाडीच्या मारुतीचा पार धरून. किल्लारीकडची घरं तेवढी लिहायची अडलीत. तिथं सगळी एकसारखी होती आणि कुठली आपल्या हातची ते त्यांना सांगता येत नाही.